पायाखालचे अरण्य

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी रावेरच्या केळीच्या बागा मागे टाकून बऱ्हाणपुरात येते आणि तेथून पुढे असीरगड रोड, चांदनी, नेपानगर अशी स्थानके घेत सातपुड्याच्या कुशीत शिरते. साग, सालई, धावडा, अंजन, तेंदू, मोह आणि पळस ही येथली मूळ वस्ती. उन्हाळ्याच्या तोंडी यांतील बहुतेक झाडे पाने टाकून उघडीबोडकी उभी राहतात आणि परक्या प्रवाशाला वाटते, की जंगल वाळून गेले. मृगाच्या चार सरी पडल्या, की पंधरा दिवसांत तेच डोंगर असे हिरवेगार होतात, की पाहणाऱ्याने आपल्याच डोळ्यांवर संशय घ्यावा. एवढा हिरवा रंग एवढ्या थोड्या दिवसांत येतो कोठून? आजच्या विषयाचे बीज या प्रश्नातच आहे.

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या वाचकांना बऱ्हाणपूर ठाऊक असते ते मुमताजमहलच्या मृत्यूमुळे, असीरगडामुळे, मावा जिलबीमुळे, फार तर केळीमुळे. २०२२ च्या अखेरीपासून २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत मात्र हा जिल्हा वेगळ्याच कारणाने वृत्तपत्रांत गाजला. नेपानगर वनपरिक्षेत्रातील घाघरला आणि आसपासच्या जंगलात मोठ्या प्रमाणावर बेकायदा वृक्षतोड झाली. एप्रिल २०२३ मध्ये पकडलेल्या आरोपींना सोडवण्यासाठी जमावाने नेपानगरच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला. आणि त्याच सुमारास जंगल वाचवा, अशी मागणी घेऊन आदिवासींनीच बऱ्हाणपुरात धरणे धरले. कोणी तोडले आणि कोणाच्या भरवशावर तोडले, हे प्रश्न लहान नाहीत. पण त्यांची उत्तरे न्यायालयाने आणि शासनाने द्यावयाची आहेत. आपण येथे दुसरा प्रश्न विचारू. तोडलेल्या जागी अरण्य परत येते काय? येत असेल, तर किती वर्षांनी आणि कशाच्या बळावर?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे मिळतात. निराशावादी म्हणतो, संपले सारे; शंभर वर्षांचे जंगल पुन्हा होणे नाही. उत्साही मनुष्य म्हणतो, त्यात काय मोठेसे? एका झाडामागे दहा रोपे लावू. दोघांची एक समजूत मात्र समान आहे: अरण्य म्हणजे झाडे. झाडे मोजली, की अरण्य मोजले. परंतु एखाद्या घराण्याची श्रीमंती जशी दिवाणखान्यातील झुंबरांवरून मोजता येत नाही, ती तळघरातल्या पेवांत असते, तसेच अरण्याचेही आहे. त्याचे भांडवल पायाखालच्या वीतभर मातीत असते, आणि ते सांभाळणारे कारभारी डोळ्यांना दिसत नाहीत.

चांगल्या वनमातीच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे चिमूटभर मातीत, शंभर कोटींपर्यंत जीवाणू असू शकतात आणि त्यांच्या जाती हजारोंनी मोजाव्या लागतात. त्याच चिमटीत बुरशीचे तंतू सरळ करून मांडले, तर त्यांची लांबी कित्येक मीटर भरते. वाळवी, गांडुळे, गोमी आणि किडे पालापाचोळा कुरतडून बारीक करतात; बुरशी त्यातील चिवट काष्ठद्रव्य फोडते; जीवाणू उरलेसुरले पचवून नत्र, स्फुरद, गंधक अशी अन्नद्रव्ये मुळांना घेता येतील अशा रूपात मोकळी करतात. मातीतील एकूण सेंद्रिय कर्बापैकी सूक्ष्मजीवांच्या देहात असतो तो शेकडा एक ते पाच. एवढ्याशा भांडवलावर साऱ्या अरण्याचा व्यवहार चालतो. कारण हे भांडवल कधी पडून राहत नाही, सतत फिरत असते.

सातपुड्यातील जंगल पानगळीचे आणि कोरड्या हवेचे. येथील डोंगर काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्टचे. उतारावर मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि त्याखाली खडक. वर्षाचा जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अशा ठिकाणी झाडाला फार काटकसरीने संसार करावा लागतो. पान गाळण्यापूर्वी झाड त्यातील नत्र आणि स्फुरद यांचा बराचसा भाग परत खोडात ओढून घेते. सणानंतर गृहिणीने चांगली भांडी घासूनपुसून माळ्यावर ठेवावीत, तसे. तरीही काही अंश पानांबरोबर खाली येतोच. वैशाखातल्या वणव्यासारख्या उन्हात ही सगळी सामग्री जमिनीवर पडून असते आणि मुळे झोपलेली असतात. पहिला जोराचा पाऊस आला, तर हे विरघळणारे द्रव्य ओघळून तापीला मिळावयास हवे. तसे सगळे जात नाही. ते कोण अडवून धरते?

याचे उत्तर बनारस हिंदू विश्वविद्यालयातील प्रा. जे. एस. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. विंध्य पठारावरील कोरड्या जंगलात आणि गवताळ रानात त्यांनी ऋतुमानाप्रमाणे मातीतील सूक्ष्मजीवांच्या देहांत साठलेला कर्ब, नत्र आणि स्फुरद मोजला. १९८९ साली 'नेचर' या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष सामान्य समजुतीच्या उलट होता. सूक्ष्मजीवांचा हा साठा पावसाळ्यात वाढेल अशी कोणाचीही अपेक्षा. तो प्रत्यक्षात उन्हाळ्यात सर्वांत मोठा आणि पावसाळ्यात सर्वांत लहान आढळला. झाडे निजलेली असताना सूक्ष्मजीव अन्नद्रव्ये आपल्या देहांत कोंडून ठेवतात आणि पाऊस पडून मुळे जागी झाली, की त्यांची मोठी संख्या मरून, फुटून, खाल्ली जाऊन ती द्रव्ये मोकळी होतात. ज्याला आपण मृत माती समजतो, ती वैशाखातली भाजलेली माती म्हणजे भरलेली पेवे असतात, आणि पहिला पाऊस त्यांचे तोंड उघडतो.

वाळलेली माती भिजताच तिच्यातून कर्बवायू आणि नत्र यांची एकदम उसळी येते, हे एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील मातीवर प्रयोग करून १९५८ मध्ये मांडले होते. त्या घटनेला आजही त्याचेच नाव आहे. वळवाच्या पहिल्या सरीबरोबर येणारा मातीचा वास हाही या पायाखालच्या वस्तीचाच निरोप. त्यातील मुख्य द्रव्य जिओस्मिन हे मातीत राहणारे, तंतूंसारखे वाढणारे काही जीवाणू तयार करतात. कनौजचे अत्तरवाले ज्या 'मिट्टी'चे अत्तर काढतात, त्याच्या मागे हे सूक्ष्म गंधी बसलेले आहेत. पंधरा दिवसांत सातपुडा हिरवा होतो, तो या साठ्यातील शिधा मिळतो म्हणून.

या कारभाऱ्यांतील दोघांची ओळख अधिक जवळून करून घेतली पाहिजे. कारण पुढचा सारा न्याय त्यांच्यावर अवलंबून आहे. पहिली मूळबुरशी. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीची लागवड करावयाची होती. त्या कामी नेमलेल्या आल्बर्ट फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाला असे आढळले, की झाडाची मुळे आणि बुरशी हे दोघे एकजीव होऊन राहतात. १८८५ मध्ये त्याने या जोडीला 'मायकोरायझा' असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बुरशी-मूळ इतकाच. आपल्या सागाच्या मुळांत जी मूळबुरशी राहते तिला जमिनीवर छत्र्या उगवत नाहीत. ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. झाड तिला साखर देते; ती आपले तंतू मुळांच्या आवाक्याबाहेर पसरून स्फुरद आणून देते. बेसाल्टच्या जमिनीत स्फुरद नसतो असे नाही. तो चुन्याशी किंवा लोहाशी जखडलेला असतो आणि स्वतः चालत मुळापर्यंत येत नाही. मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा घेर रिकामा झाला, की एकटे मूळ उपाशी राहते. शिवाय हे तंतू मातीचे कण एकमेकांना बांधून तिला रवाळ करतात. या बुरशीची एक अट मात्र कडक आहे: जिवंत मुळांवाचून ती वाढू शकत नाही. तिचे बीजाणू काही काळ मातीत तग धरतात. पण यजमान फार दिवस घरी नसला, तर हा पाहुणा मरतो.

दुसरा कारभारी गाठींतला जीवाणू. हवेत शेकडा अठ्ठ्याहत्तर भाग नत्र आहे; परंतु झाडाला तो थेट घेता येत नाही. द्विदल कुळातील अनेक झाडांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांत राहणारे जीवाणू हवेतला नत्र बांधून झाडाला देतात. बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली हे जीवाणू गाठींतून वेगळे काढून दाखवले. खैर, बाभूळ, शिरीष, शिसव, करंज ही आपल्या परिचयाची अशी झाडे. मात्र शेंग दिसली म्हणजे गाठ असलीच पाहिजे, असे समजू नये. चिंच आणि बहावा यांना शेंगा लागतात, पण त्यांच्या मुळांवर गाठी नसतात. रोपे निवडताना हा भेद उपयोगी पडतो.

आता कुऱ्हाडीकडे वळू. जंगल तोडले एवढे म्हटल्याने सगळे सांगून होत नाही, कारण तोडीनंतर काय होते यावर मातीचे भवितव्य ठरते. झाड कापून नेले आणि खुंट जागेवर राहिला, तर साग आणि धावडा त्या खुंटातूनच फुटतात. तेंदू आणि पळस मुळांतूनही वर येतात. मुळे जिवंत, म्हणून मूळबुरशी जिवंत. बुरशी जिवंत, म्हणून माती बांधलेली. वरून जागा उजाड दिसते, पण घर मोडलेले नसते, केवळ छप्पर उडालेले असते. दुसरा प्रकार तोडून जाळण्याचा. आगीत पालापाचोळ्यातील बहुतेक नत्र हवेत जातो. स्फुरद आणि पालाश राखेत उरतात. म्हणून पहिली दोन वर्षे पीक जोमदार येते आणि माणसाला वाटते, की जमीन कसदार निघाली. तो कस जमिनीचा नसतो. अरण्याने कित्येक वर्षे साठवलेली पुंजी एका हप्त्यात मोडल्याची ती चैन असते.

तिसरा प्रकार सर्वांत घातक: खुंट उपटणे आणि उतारावर नांगर घालणे. नांगरटीने बुरशीचे जाळे तुटते, मातीचे रवे फुटतात, आत हवा शिरून साठलेला सेंद्रिय कर्ब भराभर जळतो, आणि उघड्या उतारावर श्रावणातला पाऊस माती वाहून नेतो. बनारसच्या संशोधकांनी जंगलालगतची शेतजमीन तपासली, तेव्हा तिच्यातील सूक्ष्मजीवांचा साठा जंगलाच्या मानाने बराच घटलेला आढळला. येथे नत्र आणि स्फुरद यांच्या स्वभावातला फरक ध्यानात घ्यावा. नत्र गेला तरी हवेतून परत आणता येतो. त्यासाठी गाठीवाली झाडे आहेत. स्फुरद मात्र खडकातून फार सावकाश सुटतो. तो मातीबरोबर वाहून गेला, तर कोणत्याही जीवाणूला हवेतून परत आणता येत नाही.

या मुलखाला तोड नवी नाही. रेल्वेच्या रुळांखालच्या लाकडांसाठी गेल्या शतकाच्याही आधीपासून सातपुड्यात कुऱ्हाड चालत आली. नेपानगर गाव तर कागदासाठीच वसले. देशातील वृत्तपत्री कागदाच्या या पहिल्या कारखान्याचे उद्घाटन १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, आणि तो येथे काढण्याचे एक कारण म्हणजे आसपासच्या डोंगरांवरील सालईचे लाकूड. ज्या सालईचा डिंक धूप म्हणून जळत होता, तिच्या लगद्यावर देशाच्या बातम्या छापल्या जाऊ लागल्या. पुढे कारखाना रद्दी कागदाकडे वळला. ही तोड सरकारी नियमांनी, आखलेल्या तुकड्यांतून होत असे, आणि खुंटांमधून पुन्हा फुटवे येण्याला वाव असे. तोडीने लाकूड जाते. नांगराने जमिनीचा स्वभाव बदलतो. नेपानगरच्या ताज्या तोडीकडे पाहताना हा भेद विसरून चालणार नाही.

आता आशेची बाजू. नेदरलँडमधील लॉरेन्स पूर्टर आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनी अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील आणि पश्चिम आफ्रिकेतील ७७ ठिकाणी, शेती सोडून दिलेल्या जागी आपोआप वाढलेल्या जंगलांचा हिशेब मांडला. तो २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. जुन्या जंगलाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचण्यास कोणत्या गोष्टीला किती काळ लागतो, हे त्यांनी पाहिले. झाडांच्या जातींची मूळची मांडणी आणि लाकडाचा एकूण भार यांना १२० वर्षांहून अधिक, रचना आणि जातींची विविधता यांना २५ ते ६० वर्षे, आणि माती? दहा वर्षांच्या आत. म्हणजे अरण्याचे सर्वांत जीवनावश्यक अंग सर्वांत आधी बरे होते. पनामाच्या जंगलातील एका अभ्यासात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, असे आढळले, की नव्याने उगवणाऱ्या जंगलाला पहिल्या बारा वर्षांत लागलेल्या नत्रापैकी निम्म्याहून अधिक नत्र गाठीवाल्या झाडांनी हवेतून मिळवून दिला. जंगल आपला दवाखाना आपल्याबरोबर घेऊन येते, असेच म्हणावे लागेल.

परंतु या दहा वर्षांच्या आकड्याला एक अट जोडलेली आहे, आणि वाचकांनी ती आकड्याइतकीच लक्षात ठेवावी. त्या जागांचा वापर फार कठोर झालेला नव्हता आणि जवळपास जंगल शिल्लक होते. शिवाय तो पाऊसही बहुतेक ठिकाणी आपल्या सातपुड्यापेक्षा उदार. जेथे मातीच उरली नाही, तेथे काय होते याचे चित्र आपल्याच राज्यात सिंगरौलीच्या कोळसा खाणींवर पाहावयास मिळते. खाणीतून उपसलेल्या दगडमातीच्या ढिगांवर वेगवेगळ्या वयाच्या जागा निवडून बनारसच्या त्याच संशोधकांनी पाहणी केली. वर्षे जातात तसा सूक्ष्मजीवांचा साठा वाढत जातो. पण शून्यातून सुरुवात झाल्यामुळे वाट लांबची असते. पैसा, पाणी, खत आणि मजूर ओतल्यावाचून ती लवकर सरत नाही.

तशी मेहनत केली, तर काय साधते, तेही पाहण्यासारखे आहे. नागपूर जिल्ह्यात गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे. तिच्या उजाड ढिगांवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, डॉ. आशा जुवारकर यांच्या पुढाकाराने हिरवळ उभी केली. नुसती रोपे लावून त्या थांबल्या नाहीत. साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारा गाळ, ज्याला प्रेसमड म्हणतात, तो ढिगाच्या मातीत मिसळला. गाठींतले जीवाणू, नत्र बांधणारे दुसरे जीवाणू आणि मूळबुरशीचे बीजाणू रोपांच्या मुळाशी दिले. जेथे गवताची काडी धरत नव्हती तेथे साग, शिसव, करंज यांच्यासारखी झाडे वाढली. रोप लावण्याआधी रोपाचे शेजारी वसवले, हे त्या यशाचे मर्म.

घरोघरच्या गृहिणीला यात नवल वाटणार नाही. दूध कितीही चांगले असले, तरी विरजणावाचून दही लागत नाही, आणि विरजण जसे, तसे दही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात याचा अक्षरशः पडताळा आला. वरचा थर काढून टाकलेल्या शेतजमिनीवर संशोधकांनी काही ठिकाणी माळरानाची, तर काही ठिकाणी झुडपी रानाची माती अगदी पातळ पसरली. सहा वर्षांनी पाहिले, तर जमीन तीच, हवा तीच. पण ज्या मातीचे विरजण लावले, त्या प्रकारची वनस्पती तेथे अधिक आली. आपल्या रोपवाटिकांत जुने माळी पिशवीत मूठभर रानमाती घालतात. त्यामागे हेच शहाणपण आहे. एक सावधगिरी मात्र हवी. विरजण चमचाभरच घ्यावयाचे असते. रोपे जगवण्यासाठी जुन्या जंगलाची माती गाड्या भरभरून खणून आणणे म्हणजे एक घर मोडून दुसरे शाकारणे होय.

तर मग बऱ्हाणपुरात काय करावे? विज्ञान जे सुचवते ते फारसे खर्चाचे नाही. त्याला घाई मात्र आहे. जेथे खुंट आणि मुळे जिवंत आहेत, तेथे जमीन उकरू नये. यंत्रे लावून सरसकट खड्डे खणणे आणि ओळीने एकाच जातीची रोपे उभी करणे, हा तेथे औषधाचा नव्हे तर दुखण्याचा भाग होईल. त्या जागी वणवा येऊ न देणे, काही वर्षे चराई आवरणे आणि खुंटांच्या फुटव्यांतून जोमदार फुटवा राखणे, एवढ्याने निम्मे काम होते. गवत उगवले, तर त्याला शत्रू मानू नये; त्याच्या मुळांवर बुरशी जगते आणि त्याच्या आच्छादनाने माती धरून राहते. जेथे नांगर फिरला आहे, तेथे आधी समतल चर आणि दगडी बांध घालून माती अडवावी, मग खैर, शिरीष, करंज अशा गाठीवाल्या झाडांना पुढे करावे, आणि साग-सालईला त्यांच्या पाठोपाठ येऊ द्यावे. पहिले दोन-तीन पावसाळे निर्णायक असतात. जिवंत मुळांवाचून मूळबुरशी फार वर्षे वाट पाहत नाही आणि वाहून गेलेला स्फुरद परत येत नाही. जो खर्च तिसऱ्या वर्षी रुपयात भागतो, तो दहाव्या वर्षी शंभर रुपयांतही भागेलच असे नाही.

हे काम जंगलात राहणाऱ्या माणसांना वगळून होणारे नाही. भिल्ल, भिलाला, बारेला आणि कोरकू यांचा संसार या डोंगरांवरच चालतो. तेंदूची पाने, मोहाची फुले, डिंक, चारोळी ही त्यांची रोकड. २००६ च्या वनाधिकार कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर त्यांचा हक्क मान्य केला आणि गावसभेला आपले जंगल राखण्याचा अधिकारही दिला. जुन्या हक्कांचे दावे प्रामाणिकपणे आणि वेळेवर निकाली लागले, तर नव्या तोडीच्या आशेला तेवढी जागा कमी उरेल. भूक आणि जमिनीची टंचाई या गोष्टी खऱ्या आहेत. उपदेशाने त्या मिटत नाहीत. पण उतारावरची पातळ माती चार पिकांनंतर कोणालाच पोसणार नाही, हेही तितकेच खरे आहे. जंगल तोडून जमीन मिळवणाऱ्याच्या हाती शेवटी मुरूम उरतो. तोटा त्याचाही होतो, त्याच्या मुलांचा तर अधिकच.

शहरातल्या आपल्या लोकांचा यात संबंध काय, असे कोणी विचारील. बऱ्हाणपुरात त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत तेथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून तापीकडे पाझरणारे पाणी भूमिगत बोगद्यात अडवून, शंभराच्या आसपास कुंड्यांच्या मालिकेतून, केवळ उताराच्या जोरावर शहराला पोहोचवण्याची ही योजना. चारशे वर्षांनंतरही तेथे पाणी झिरपते. त्या कारागिरांचे कौशल्य थोर. पण त्यांचा सारा हिशेब एका गृहीतावर उभा होता, ते म्हणजे डोंगरावर पडणारा पाऊस जमिनीत मुरेल. बुरशीच्या तंतूंनी बांधलेली रवाळ माती पाणी पिते. तुडवलेली, उघडी पडलेली माती ते ओघळून देते. विहिरीचे पाणी, केळीच्या बागा आणि तापीतला गाळ यांचा धागा डोंगरावरच्या त्या वीतभर थराशी बांधलेला आहे.

मुलांना हे सारे प्रत्यक्ष दाखवावयाचे असेल, तर एक सोपा प्रयोग सुचवतो. बऱ्हाणपूर हे कापडाचे गाव. तेव्हा साहित्य घरातच मिळेल. शुद्ध सुती, पांढऱ्या कापडाच्या सारख्या आकाराच्या तीन चिंध्या घ्याव्यात. कापडात टेरिलिनचा धागा नसावा. पावसाळ्याच्या आरंभी एक चिंधी जुन्या झाडाखाली, दुसरी अंगणातल्या भाजीच्या वाफ्यात आणि तिसरी तुडवलेल्या उघड्या जमिनीत चार बोटे खोल पुरावी आणि खूण म्हणून काडी रोवावी. दोन महिन्यांनी तिन्ही काढून पाहाव्यात. सुती धागा म्हणजे मातीतल्या बुरशीचे आणि जीवाणूंचे अन्नच; जेथे वस्ती दाट, तेथे चिंधीची चाळण झालेली दिसेल. हा खेळ हास्यास्पद समजू नये. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली शास्त्रज्ञांनी नागरिकांच्या मदतीने दोन हजार सुती चड्ड्या देशभर पुरून मातीची अशीच परीक्षा घेतली होती.

वृक्षारोपणाचे समारंभ दर पावसाळ्यात होतात, रोपांचे आकडे छापून येतात आणि छायाचित्रेही निघतात. यापुढे असा आकडा वाचनात आला, तर आपण दोन प्रश्न आवर्जून विचारावेत: ज्या जमिनीत ही रोपे लावली, तिच्यात जुनी मुळे जिवंत होती काय? आणि ती रोपांसाठी उकरली गेली, की राखली गेली? घाघरल्याच्या उतारांवर आज जे खुंट उभे असतील, त्यांच्या भोवतीची पेवे अजून पुरती रिकामी झालेली नसतील. कोणी त्यांवर नांगर घातला नाही, आग लावली नाही, तर येत्या मृगाला ती आपली तोंडे उघडतील, जशी आजवर उघडत आली. आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की त्या वीतभर थराला निजू द्यावे आणि त्याच्या वेळेला जागे होऊ द्यावे.